अडीच तासांवरचं पोर्तुगाल

आमच्या गावात कुणी परदेशी निघालं की ते मला सगळ्यांच्या आधी कळतं. मी औषधांच्या दुकानात काउंटरला असते, आणि पासपोर्टचे फोटो आम्हीच काढतो. मागच्या बाजूला पांढरा पडदा आहे, त्याच्यापुढं स्टूल. चष्मा काढा, हसू नका, केस कानामागं घ्या. बारा वर्षांत मी आयर्लंडमधल्या आमच्या निम्म्या रॉसकॉमन परगण्याचे फोटो काढले असतील. ते कातरायचे, पाकिटात घालायचे आणि विचारायचं, काय मग, कुठं निघालात? लोक सांगायचे, लांझारोटी, क्राको, न्यूयॉर्क, मुलीकडं सिडनीला. माझा धाकटा भाऊ डेक्लन याच्या पोरांचे फोटोही मीच काढले, दर पाच वर्षांनी नवे.

माझा स्वतःचा पासपोर्ट नव्हता. सत्तावन्न वर्षांत मी समुद्र ओलांडला नव्हता, साधी इंग्लंडची बोटसुद्धा नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये.

पंधरा वर्षांपूर्वी मी गॉलवेत राहत होते. नोकरी होती, दोन खोल्यांचं घर होतं. आई आजारी पडली तेव्हा डेक्लन म्हणाला, तीन महिने तू जा ऊना, मग आपण बघू. ते 'बघू' अजून चाललंय. आई सहा वर्षं अंथरुणावर होती. ती गेली तोवर बाबांचे पाय थकले, मग साखर निघाली, मग दृष्टी मंदावली. बाबा आता शहाऐंशीचे आहेत. पूर्वी ते दूध डेअरीची लॉरी चालवायचे. सकाळी तासभर एक बाई येते, तेवढ्यात मी दुकान गाठते आणि दुपारी परत येते. डेक्लन ॲथलोनला असतो, गाडीनं जेमतेम तासाच्या अंतरावर. पण तिथून इकडं यायचा रस्ता त्याला सापडत नाही. तो फोनवरून सल्ले देतो. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसं त्याचं चालतं. बाबांना चालायला लाव, मीठ कमी कर, सगळं त्याला माहीत असतं.

पोर्तुगालचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते टीव्हीवरून. जानेवारीतली संध्याकाळ होती. एक नदी दाखवत होते, दोन्ही बाजूंना डोंगर, आणि ते डोंगर पायऱ्या-पायऱ्यांनी कापलेले, प्रत्येक पायरीवर द्राक्षांच्या रांगा. मध्ये पांढरी घरं. मी चहाचा कप हातात धरून उभी होते. तीन मिनिटं झाली असतील, बाबांनी हवामान बघायला बटण दाबलं. हवामान काय, पाऊसच होता.

दुसऱ्या दिवशी मी लायब्ररीतून पुस्तक आणलं.

माझी मैत्रीण नोरीन हिनं तीस वर्षं टपाल वाटलं, आता निवृत्त आहे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. गुडघे अधू आहेत पण तोंड धडधाकट आहे. चर्चच्या लोकांबरोबर ती एकदा फ्रान्सला लूर्दच्या यात्रेला जाऊन आली होती, म्हणून स्वतःला ती जग पाहिलेली समजायची. मी पुस्तक तिच्यापुढं ठेवलं आणि म्हटलं, आपण दोघींनी जायचं. तिनं चित्रं बघितली, चष्मा वर केला आणि म्हणाली, "मला डोंगर कशाला? डोंगर आपल्याकडं आहेत."

"आपल्याकडं चिखल आहे," मी म्हटलं.

त्यानंतर तीन महिने आमचं हेच चाललं. बुधवारी दुपारी तिच्या स्वयंपाकघरात नकाशा पसरायचा, कोपऱ्यांवर मुरंब्याच्या बरण्या ठेवायच्या आणि भांडायचं. तिला शहरं हवी होती. जुनी चर्चं, निळ्या फरशांच्या भिंती, बसायला बाकं आणि लिफ्ट असलेलं हॉटेल. मला ती नदी हवी होती. मी म्हणायचे तीन दिवस पोर्तो, ती म्हणायची पाच. कोइंब्राला राजाच्या काळातलं एक ग्रंथालय आहे, पुस्तकांना कीड लागू नये म्हणून तिथं वटवाघळं राहू देतात. हे वाचून तिनं कोइंब्रा काढूनच टाकलं होतं. मी ते परत घातलं. तिनं विचारलं, पोर्तुगालला जाऊन फातिमाच्या तीर्थाला गेलो नाही तर पाद्री काय म्हणतील? मी म्हटलं, त्यांना सांगू नकोस. ती म्हणाली, मी तीस वर्षं टपाल वाटलंय, या गावात काही लपत नाही.

शेवटी ठरलं. तीन दिवस पोर्तो, दोन कोइंब्रा, आणि उरलेले दिवस नदीकाठच्या एका शेतघरात, द्राक्षांच्या मळ्यात. एकूण दहा दिवस, सप्टेंबरमध्ये. मला त्या दुपारी आवडायला लागल्या होत्या. गाड्यांच्या वेळा मला पाठ झाल्या. भांडी घासताना मी 'आभारी आहे' आणि 'आणखी एक कॉफी' हे त्यांच्या भाषेत घोकायचे. बाबा आतून विचारायचे, कुणाशी बोलतेस?

ईस्टरच्या रविवारी डेक्लन आणि त्याची बायको फिडेल्मा जेवायला आले होते. मी मटण वाढलं, पुदिन्याची चटणी दिली आणि सगळे खायला लागल्यावर विषय काढला. बाबांना दहा दिवस तुमच्याकडं न्या, मी एवढंच म्हणाले. खरं तर आठवडाभर मी आरशासमोर त्या वाक्याची तयारी केली होती. डेक्लन तोंडातला घास न संपवताच म्हणाला, हो हो, जा की, दहा दिवस म्हणजे काय, तुझा हक्कच आहे तो. फिडेल्मा ताटाकडं बघत होती. बाबा बटाटा चिरत होते. मी नकाशा आणून त्यांना नदी दाखवली. ते म्हणाले, "नदी इथंही आहे." मग म्हणाले, "बरं."

त्या 'बरं'वर मी विश्वास ठेवला.

माझा पासपोर्टचा फोटो काढायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की बटण दाबायला कुणी नाही, ते काम माझंच. शेवटी दुकानाचे मालक मिस्टर टॅफी यांनी काढला, तिरका. परत काढला, डोळे मिटलेले. तिसऱ्यांदा जमला. पोलीस ठाण्यात सार्जंटनं अर्जावर सही करताना विचारलं, पहिलाच? मी हो म्हटलं. तो हसला नाही, याबद्दल मी त्याची आभारी आहे. पासपोर्ट आला तेव्हा त्याची कोरी पानं मी काउंटरखाली धरून एकेक उलटली.

बाबांसाठी मी चार पानं लिहून काढली. पहिल्यावर गोळ्या, सकाळ-दुपार-रात्र. दुसऱ्यावर खाणं, काय चालतं, काय चालत नाही, पाव कुठला. तिसऱ्यावर पाय, म्हणजे धुवायचे कसे, बोटांमध्ये कोरडं कसं करायचं, मलम कुठलं. चौथ्यावर डॉक्टर, डोळ्यांचे थेंब आणि रात्रीचं उठणं.

विमान गुरुवारी सकाळचं होतं. डेक्लनचा फोन मंगळवारी आला.

मी काउंटरला होते, समोर एक म्हातारी औषधांची चिठ्ठी घेऊन उभी. डेक्लन म्हणाला, ऊना, जरा अडचण झालीय. आवाज मऊ होता. स्वयंपाकघर तोडायला घेतलंय, कामगार अचानक याच आठवड्यात आले, सगळी धूळ, सिंकसुद्धा काढलंय. फिडेल्माची पाठही धरलीय. अशा घरात बाबांना कसं ठेवायचं, त्यांच्याच तब्येतीचा प्रश्न आहे. तू ऑक्टोबरमध्ये नाही का जाऊ शकत? ऑक्टोबरमध्ये गर्दीही कमी असते. मग आपण बघू.

मी म्हटलं, "बरं."

फोन ठेवला. म्हातारीच्या गोळ्या मोजून दिल्या, रक्तदाबाची गोळी उपाशीपोटी घ्या म्हणून सांगितलं. ती गेली. मग तळपायाची आग मस्तकात गेली. डेक्लनचा राग नंतर आला, आधी स्वतःचाच आला. त्या 'बरं'चा. पंधरा वर्षं हा एकच शब्द माझ्या तोंडात ठेवलेला होता, कुणी बटण दाबलं की बाहेर पडायचा. मी एप्रन काढला, मिस्टर टॅफींना सांगितलं की मला बरं वाटत नाही आणि नोरीनकडं गेले.

वाटलं होतं ती मला जवळ घेईल. तिनं बॅग भरून दारापाशी ठेवली होती, वर घडी केलेला रेनकोट. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि चहासुद्धा विचारला नाही.

"मी जाणार आहे," ती म्हणाली. "तू ये, नाहीतर नको येऊस. माझे गुडघे ऑक्टोबरची वाट बघणार नाहीत. म्हाताऱ्याच्या खुर्चीपाशी एक बाई बसलीय तेवढी पुरे झाली, दुसरी कशाला?"

मी तिला म्हटलं की तुला बोलायला काय जातं, तुझ्यामागं कुणी नाही. हे बोलायला नको होतं. ती उठली आणि भिंतीकडं तोंड करून कपबशा विसळायला लागली. मी दार आपटून बाहेर पडले. घरी जाऊन बाबांना सूप दिलं, पाय धुतले, थेंब घातले. फोनबद्दल त्यांना एक अक्षर सांगितलं नाही. सांगायला लागले असते तर ओरडले असते, आणि मी त्या घरात कधी ओरडलेली नाही.

बुधवारी सकाळी उठले तेव्हा मी ठरवलं होतं असंही म्हणता येणार नाही. मी फक्त कपाटावरून त्यांची बॅग काढली. सहा शर्ट, लोकरी मोजे, दोन पायजमे, दाढीचं सामान, मलमं, गोळ्यांचा डबा, चार पानं. बाबा दारात काठीवर रेलून उभे होते.

"काय करतेस?"

"डेक्लनकडं निघालोय आपण."

"त्याला जमणार नाही," बाबा म्हणाले. "त्याच्याकडं काम निघालंय."

मी मोज्यांची जोडी गुंडाळत होते. गुंडाळून बॅगेत टाकली. "गाडीत बसा, बाबा," मी म्हटलं. ते बसले. मी हात धरून बसवलं, पट्टा लावला, टोपी मांडीवर दिली.

स्ट्रोक्सटाउनच्या पुढं गेल्यावर माझ्या डोक्यात आलं की मी तर यांना फोनचं सांगितलंच नव्हतं. मग यांना कुठून कळलं? डेक्लननं परस्पर घरी फोन केला असणार. म्हणजे आधी म्हाताऱ्याला पटवलं आणि मग मला कळवलं. त्या विचारानं मी गाडी इतकी जोरात हाणली की बाबांनी दाराचा दांडा धरला. बाहेर ऊन होतं, गवत कापून ठेवलं होतं, नाक्यावर एका माणसानं मला बघून हात वर केला आणि मी सवयीनं स्टिअरिंगवरचं बोट उचललं.

फिडेल्मा दाराबाहेरच होती. पाठ धरलेली बाई म्हणावी तर ती पायरीवर वाकून कुंड्या उचलत होती. मी बाबांना आत आणलं, दिवाणखान्यातल्या खुर्चीवर बसवलं आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. सिंक जागेवर होतं. नळ चकचकीत. ओट्यावर फळांची वाटी, भिंतीला एक ओरखडा नाही. टेबलापाशी डेक्लन पेपर वाचत बसला होता. त्या दिवशी तो घरून काम करत होता, असं तो नंतर म्हणाला.

"कामगार कुठं गेले?" मी विचारलं.

त्यानं पेपरची घडी घातली. मग आणखी एक घडी घातली. त्याचे कान लाल झाले होते, लहानपणीही व्हायचे. तो म्हणाला की ऊना, तू शांत हो. मी म्हटलं की मी शांतच आहे, कामगार कुठं आहेत ते सांग. तेव्हा फिडेल्मा दारात येऊन उभी राहिली. पंचवीस वर्षांत ती माझ्याशी हवामानाखेरीज फारसं बोलली नसेल.

"सांगून टाक तिला," ती डेक्लनला म्हणाली. त्यानं सांगितलं नाही, तेव्हा तीच माझ्याकडं वळली. "रविवारी तुझ्या बाबांचा फोन आला होता. मला नेऊ नका म्हणाले. काहीतरी कारण सांगा, पण मी सांगितलं असं तिला कळू देऊ नका म्हणाले."

मला वाटलं ती खोटं बोलतेय. पण ती खोटं बोलताना कशी दिसते ते मला ठाऊक होतं, माझ्या हातच्या जेवणाचं कौतुक करताना तशी दिसायची. आता तशी दिसत नव्हती.

डेक्लनला जोर आला. म्हणाला, बघ, म्हाताऱ्यानं स्वतःच सांगितलं, त्यावर मी काय करणार होतो? माझ्या अंगावर कशाला येतेस? मी त्याच्याकडं बघितलं. गुन्हा दुसऱ्याच्या नावावर निघाल्यामुळं त्याला किती सुटल्यासारखं वाटत होतं ते त्याच्या खांद्यांवर दिसत होतं. मी म्हटलं, तू त्यांना नाही म्हणू शकत होतास. मला सांगू शकत होतास. तू मात्र आनंदानं सिंक उखडलंस.

मग मी दिवाणखान्यात गेले. बाबा टोपी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना नीट दिसत नाही पण कान चांगले आहेत, सगळं ऐकलं होतं. मी समोरच्या सोफ्यावर बसले. उभी राहिले असते तर काय केलं असतं सांगता येत नाही.

मी विचारलं की रविवारी फोन केलात का. त्यांनी हो म्हटलं. मी चर्चला गेले होते तेव्हा केला. का केलात, असं विचारलं. ते टोपीची कड चाचपायला लागले.

"इथं मला माझी खुर्ची नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "तुला एवढं मनापासून जायचं असेल असं वाटलं नव्हतं, पोरी. वाटलं, चार दिवस बोलशील, मग राहील."

मला शिव्या येतात. औषधांच्या दुकानात बसलेल्या बाईला येतात त्याहून जास्त येतात. त्यातली एकही तोंडात आली नाही.

"बाबा, मी सत्तावन्न वर्षांची आहे," मी म्हटलं. "माझं सगळं राहिलंच आहे."

त्यांनी मान खाली घातली नाही, टोपी चाचपायची थांबवली नाही, आणि ते बघून मला समजलं की त्यांना वाईट वाटत नव्हतं. आपला बेत फसला याचाच त्यांना राग आला होता. म्हणजे आम्ही दोघंही रागावून समोरासमोर बसलो होतो, आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा बरोबरीनं बसलो होतो.

मी गाडीतून बॅग आणली आणि त्यांच्या पायापाशी ठेवली. गोळ्यांचा डबा आणि चार पानं फिडेल्माच्या हातात दिली. डेक्लन माझ्यामागून दारापर्यंत आला. म्हणाला, असं रागारागानं जाऊ नकोस, त्यांचं वय तरी बघ.

"त्यांचं वय मी रोज बघते," मी म्हटलं. "आता दहा दिवस तू बघ."

आतून बाबांचा आवाज आला, "माझे पाय?"

"पान तीन," मी सांगितलं आणि गाडीत बसले.

गाव मागं पडल्यावर एका शेताच्या फाटकापाशी मी गाडी थांबवली. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. मी दोन्ही मुठींनी स्टिअरिंगवर मारलं, हॉर्न वाजला. आत एक शेतकरी गुरांना पाणी पाजत होता, त्याला वाटलं मी त्याला हाक मारतेय. तो फाटकापाशी आला आणि विचारलं, रस्ता चुकलात का? मी म्हटलं, नाही.

नोरीनच्या दारात गेले तेव्हा ती जेवत होती. मी म्हटलं, मी येतेय, आणि काल बोलले ते बोलायला नको होतं. तिनं दुसरी ताटली काढली आणि म्हणाली की ते बोलणं तिच्या लक्षात आहे, पोर्तोमध्ये त्याचं बघू. मग विचारलं, छत्री घेतलीस का?

दुसऱ्या दिवशी विमानात बसल्यावर मी घड्याळ बघितलं, आणि उतरल्यावर परत बघितलं. अडीच तास. आमच्या गावातून डब्लिनच्या विमानतळावर पोचायलाच बसनं तीन तास लागले होते. मी तिथं बाहेर उन्हात उभी राहिले, लोक बॅगा ओढत बाजूनं जात होते, आणि मला भयंकर राग आला. हे सगळं इतकं जवळ होतं. मी गॉलवेत होते तेव्हाही होतं, आईचं अंथरूण बदलत होते तेव्हाही होतं. अडीच तास. मला कायम वाटायचं की ते फार लांब आहे आणि त्याला फार मोठी तयारी लागते. तयारी लागली ती फक्त दोन माणसांच्या होकाराची, आणि ती दोन्ही माणसं माझीच होती.

पहिले दोन दिवस मी नोरीनचा जीव नकोसा केला. निळ्या फरशांची भिंत बघताना मी डेक्लनला बोलत होते. पुलावर उभं राहून बाबांना बोलत होते. मासे आले, तळलेले, वर लिंबू, मी काटे काढता काढता सिंकची गोष्ट चौथ्यांदा सांगितली. नोरीननं काटा खाली ठेवला. म्हणाली, मी दोघींचं टेबल सांगितलं होतं, इथं पाच जण बसलेत, आणि त्यातल्या तिघांना मी बोलावलेलं नाही.

फोन मी विमानातच बंद केला होता. मग डेक्लनचे निरोप नोरीनच्या फोनवर यायला लागले. थेंब कुठल्या डोळ्यात? ते पाव खात नाहीत. रात्री किती वेळा उठतात? मी एकदाच उत्तर पाठवलं, पान दोन आणि पान चार. नंतर नोरीननंही तिचा फोन मोज्यात गुंडाळून बॅगेच्या तळाशी टाकला.

कोइंब्रात वटवाघळं दिसली नाहीत. ती रात्री येतात म्हणे. नोरीन ग्रंथालयात सबंध वेळ डोक्यावर रुमाल धरून हिंडली.

नदीकाठचं ते शेतघर टीव्हीतल्यासारखं नव्हतं. अंगणात ट्रॅक्टर उभा होता, कोंबड्या होत्या, द्राक्षांची तोडणी सुरू होती, त्यामुळं पहाटेपासून माणसांचा गलका. पण संध्याकाळी दगडी बांधावर बसलं की खाली नदी दिसायची, आणि डोंगर खरंच पायऱ्या-पायऱ्यांचे होते. शेतघरची बाई साठीची होती, हात माझ्यासारखेच, औषधानं भेगाळलेले. तिचं औषध द्राक्षांवर फवारायचं. मी घोकलेल्या शब्दांत कॉफी मागितली, ती तिला कळली. त्या बांधावर चार संध्याकाळी मी बसले. राग होताच. पण तिथं मला त्याच्याबरोबर बसता आलं, कुणासाठी उठायचं नव्हतं.

शनिवारी परत आले. डेक्लनला वाटलं होतं मी विमानतळावरून थेट त्याच्याकडं येऊन बाबांना घेऊन जाईन. मी घरी गेले आणि झोपले. सोमवारी तोच त्यांना घेऊन आला. ईस्टरनंतर पहिल्यांदा त्याला हा रस्ता सापडला. त्याचे डोळे खोल गेले होते. बाबांना खुर्चीत बसवून तो स्वयंपाकघरात आला आणि हळू आवाजात म्हणाला, रात्री तीनदा उठवावं लागतं त्यांना. जणू मला नवीन बातमी देत होता. मला माहीतच नव्हतं, म्हणाला.

"विचारलं नव्हतंस," मी म्हटलं.

मला त्याची दया आली नाही. मी त्याला सांगितलं की यापुढं प्रत्येक महिन्याचा पहिला शुक्रवार ते सोमवार बाबा तुझ्याकडं, आणि वर्षातून दहा दिवस. तो म्हणाला, बघू. मी म्हटलं, 'बघू' नाही. फिडेल्माला फोन लावला आणि तिला विचारलं. ती म्हणाली, चालेल, आणि वर म्हणाली की त्यांच्यासाठी एक खुर्ची घ्यावी लागेल, आमच्या खुर्च्या फार खोल आहेत. त्या घरात शहाणं माणूस कोण आहे हे मला पंचवीस वर्षांनी कळलं, आणि त्याचाही मला रागच आला.

बाबा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एके दिवशी चहा घेताना विचारलं, तिकडं गाड्या कुठल्या बाजूनं चालवतात? मी म्हटलं, उजव्या. ते म्हणाले, मग लॉरी वळवायला त्रास होत असेल. एवढंच. नदीचं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. डेक्लननं मधले दोन महिने चुकवले, एकदा खरं कारण होतं. नोरीन स्लोव्हेनियाचं पुस्तक घेऊन आलीय आणि तिथं तळी आहेत म्हणून मी भांडतेय, तळी आमच्याकडंही आहेत. बाबा शुक्रवारी दुपारपासूनच तयार होऊन दारापाशी बसतात. मी बॅग भरून देते. नको म्हणत नाहीत, हो म्हणत नाहीत. मी त्यांना माफ केलेलं नाही, आणि त्यांनी माफी मागितलेली नाही. आम्ही दोघं रागावलेले, खिडकीशी बसून डेक्लनच्या गाडीची वाट बघतो. तो नेहमी उशिरा येतो.